कोड, कुष्ठ आणि मुका चट्टा

पुण्याहून नाशिककडे जाणारा रस्ता नारायणगांव मागें टाकून पुढें गेला, म्हणजे आळेफाट्यावर कल्याणहून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता त्यास छेदतो. फाट्यावरची वर्दळ, रसवंत्या आणि कांद्याच्या गोण्यांनीं भरलेल्या गाड्या ओलांडून जो परगांवचा मनुष्य मुद्दाम आळे गांवांत शिरतो, तो बहुधा एकाच हेतूनें शिरतो. त्यास रेड्याच्या समाधीचें दर्शन घ्यावयाचें असतें. पैठणच्या ब्रह्मवृंदासमोर ज्ञानेश्वरांनीं ज्याच्या मुखानें वेद वदविले, तो रेडा पुढें परतीच्या प्रवासांत या गांवीं निवर्तला व येथेंच त्यास समाधि देण्यांत आली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. चैत्रांत तेथें यात्रा भरते. एका पशूच्या समाधीपुढें इतक्या भक्तिभावानें माथा टेकणारीं माणसें पाहून आमच्यासारख्या पुस्तकी मनुष्यासही क्षणभर स्तब्ध व्हावें लागतें.

वेद वदविल्याची कथा महाराष्ट्रांत लहान मुलांसही पाठ आहे. परंतु तिच्या थोडा अगोदरचा एक प्रसंग त्या मानानें कमी सांगितला जातो. सर्वांभूतीं एकच आत्मा असेल तर या रेड्यांत आणि तुझ्यांत भेद नाहीं काय, असें हिणवून कोणीं तरी त्या मुक्या जनावराच्या पाठीवर आसूड ओढले, आणि त्याचे वळ ज्ञानेश्वरांच्या अंगावर उमटले, असें संतचरित्रकार सांगतात. ही गोष्ट घडली कीं नाहीं, हा वाद येथें आम्हांस करावयाचा नाहीं. आमचें लक्ष वेधलें तें निराळ्याच बाबीनें. जमलेल्या मंडळींनीं पुरावा म्हणून जें पाहिलें, तें त्वचेवर पाहिलें. मनुष्याच्या अंतर्यामीं काय आहे तें त्याच्या कातडीवर लिहिलेलें असतें, ही समजूत फार जुनी आहे. पैठणास तिनें एका अनाथ मुलाची बाजू घेतली. एरव्हीं मात्र तिनें असंख्य निरपराध माणसांस पंक्तीबाहेर, घराबाहेर आणि कित्येकदां गांवाबाहेर घालविलें आहे, व त्याच वेळीं खरा रोग शेजारीं येऊन बसला तरी तो तिला ओळखतां आलेला नाहीं.

हा विषय आमच्या मनांत घोळूं लागला तो आळ्यासच. कांहीं वर्षांपूर्वीं एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून आम्ही यात्रेस गेलों होतों. घर बागाइतदाराचें, कुकडीच्या कालव्याचें पाणी आल्यापासून सुखवस्तु झालेलें. विद्यार्थ्याची धाकटी बहीण पदवीधर असून एका शाळेंत शिक्षिका होती. ती चहा घेऊन आली तेव्हां तिच्या ओठांच्या कडेस व बोटांच्या टोकांस दुधासारखे पांढरे डाग आम्हांस दिसले. ती आंत गेल्यावर तिच्या आजीनें आवाज खालीं आणून सांगितलें, "पोरीला कोड आहे, सर. चार स्थळं आली न् दारातनंच माघारी गेली. पाव्हणे तिच्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत." इतक्यांत घरचा सालगडी, वयानें पन्नाशीचा, अंगणांतल्या चुलीवरचें तापलेलें दुधाचें पातेलें फडक्यावांचून, नुसत्या हातांनीं उचलून ओसरीवर घेऊन आला. घरच्या कर्त्या पुरुषानें कौतुकानें म्हटलें, "आमच्या गड्याचा हात बघा सर! निखारा उचलील, पण हूं का चूं करायचा नाही." मंडळी हंसली, आम्हीही हंसलों. गड्याच्या मनगटावर वरच्या अंगास एक फिकट तांबूस चट्टा होता, तोही आमच्या नजरेस पडला होता. त्याविषयीं कोणासच कांहीं विचारावेंसें वाटलें नाहीं.

आठ महिन्यांनीं विद्यार्थ्याकडून कळलें कीं, घरोघर पाहणी करीत आलेल्या आशाताईनें गड्यास डोळे मिटावयास सांगितलें, त्या चट्ट्यावर पेनाचें टोंक हलकेंच टेकविलें, व "कुठं लागलं तिथं बोट ठेवा" म्हणून सांगितलें. गड्यास बोट ठेवतां येईना. तो वाट पाहत राहिला कीं बाई केव्हां टेकवितात! पुढें दवाखान्यांत निदान झालें तें कुष्ठरोगाचें. तळहाताची संवेदना जाऊन बराच काळ लोटला होता. म्हणजे ज्यास आम्हीं काटकपणा समजून दाद दिली तो रोग होता. आणि जिच्या हातचें पाणी पाहुणे नाकारीत होते तिच्यापासून कोणासही कांहीं होण्यासारखें नव्हतें. तिला टांचणी टोंचली तर ती चांगली कळत होती.

हा घोटाळा एकट्या आळ्याचा नव्हे. आपल्या भाषेच्या पोटांतच तो दडलेला आहे. 'कोड' हा शब्द संस्कृत 'कुष्ठ' या शब्दापासून प्राकृताच्या वाटेनें आला. हिंदींत त्याच शब्दाचा 'कोढ' झाला व त्याचा मुख्य अर्थ महारोग हाच राहिला. मराठींत तो सरकत सरकत निरुपद्रवी अशा पांढऱ्या डागांवर येऊन बसला, आणि मूळ रोगासाठीं आपण 'रक्तपिती', 'महारोग' अशीं दुसरीं नांवें वापरूं लागलों. शब्द सरकला, पण त्याच्या बरोबरची भीति कांहीं मागें राहिली नाहीं. तीही बिऱ्हाड उचलून शब्दाबरोबर आली. (हिंदी भाषिकांनीं यावर समाधान मानण्याचें कारण नाहीं. तेही पांढऱ्या डागांस 'सफेद कोढ' म्हणतातच.)

मुळांत आयुर्वेदांत 'कुष्ठ' हें एका रोगाचें नांवच नव्हे. चरक व सुश्रुत यांनीं कुष्ठाचे अठरा प्रकार मानले आहेत. सात महाकुष्ठें आणि अकरा क्षुद्रकुष्ठें. त्यांत गजकर्णाच्या जातीचें दद्रु आहे, खरजेच्या जातीची पामा आहे, इसबाशीं जुळणारी विचर्चिका आहे. थोडक्यांत, ज्यास आपण आज त्वचारोग म्हणतों त्या सबंध प्रांताचें तें नांव होतें. पांढऱ्या डागांस मात्र या वैद्यांनीं 'श्वित्र' अथवा 'किलास' असें वेगळें नांव दिलें. सुश्रुतानें तर किलास हा त्वचेपुरताच राहतो व त्यास स्राव नसतो, असा कुष्ठाहून त्याचा भेदही स्पष्ट केला आहे, आणि त्वचेचें बधिर होणें हें कुष्ठाच्या लक्षणांत घातलें आहे. दोन अडीच हजार वर्षांपूर्वीं न सूक्ष्मदर्शक यंत्र, न जंतुशास्त्र. केवळ डोळे, बोटें व धीर यांच्या बळावर केलेलें हें निरीक्षण आहे. आळ्याच्या ओसरीवर बसलेल्या आम्हां सुशिक्षितांपाशीं तें त्या दिवशीं नव्हतें, ही गोष्ट नमूद करून ठेवतों.

वैद्यास भेद ठाऊक होता. पण वैद्याचें शास्त्र आणि समाजाचें शास्त्र हीं वेगवेगळ्या वाटांनीं चाललीं. मनुस्मृतींत विवाहास कोणतीं कुळें वर्ज्य करावीं हें सांगतांना श्वित्री आणि कुष्ठी हे दोन शब्द शेजारीं शेजारीं येतात. म्हणजे हे दोन भिन्न विकार आहेत हें स्मृतिकारास कळत होतें. शिक्षा मात्र दोघांस एकच. महाभारतांतील देवापीची गोष्ट याहून बोलकी आहे. प्रतीप राजाचा हा वडील मुलगा धर्मनिष्ठ, प्रजेस प्रिय, बापाच्या गळ्यांतला ताईत. अभिषेकाची तयारी झाली, आणि त्वचेच्या दोषामुळें याला राज्याधिकार नाहीं म्हणून ब्राह्मणांनीं व वृद्धांनीं हरकत घेतली. प्रतीपाच्या डोळ्यांस पाणी आलें; देवापि वनांत गेला; राज्य धाकट्या शंतनूस मिळालें. पुढचें सारें भारत आपणांस ठाऊक आहे. त्या एका डागावर कुरुवंशाची गादी फिरली; पण तो डाग श्वित्राचा होता कीं गजकर्णाचा, हें सांगण्याची कथाकारास गरज वाटली नाहीं. डाग आहे, एवढें पुरें होतें.

पाश्चात्यांनींही याबाबतींत आपल्याकडे बोट दाखविण्यासारखें नाहीं. ज्यूंच्या धर्मग्रंथांत एका त्वचाविकाराचें वर्णन आहे. तो अंगावर जसा उठतो तसाच कपड्यांवर व घराच्या भिंतींवरही उठतो! म्हणजे त्यांत बुरशीपासून पांढऱ्या डागांपर्यंत अनेक गोष्टी कोंबलेल्या होत्या. ग्रीक भाषांतरकारांनीं त्यासाठीं 'लेप्रा' हा शब्द योजिला. ग्रीक वैद्यकांत या शब्दाचा अर्थ खवले धरणारा त्वचारोग एवढाच होता. पुढें तोच शब्द महारोगास चिकटला, आणि धर्मग्रंथांतील अशुचीची सारी कल्पना त्याबरोबर रोग्याच्या डोक्यावर येऊन बसली. आपल्याकडील शब्दाचा प्रवास आणि हा प्रवास यांत विलक्षण साम्य आहे.

या गुंत्यांतून वाट काढण्याचे जे प्रयत्न गेल्या शतकाच्या मागल्या शतकांत मुंबईस झाले, त्यांतील तीन माणसांविषयीं थोडें विस्तारानें लिहिण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं. कारण तिघेही आमच्या वाचकांस दुसऱ्याच कांहीं नात्यानें परिचित असण्याचा संभव आहे.

पहिले डॉक्टर भाऊ दाजी लाड. जन्म गोमंतकांतला, ग्रँट मेडिकल कॉलेजांतून बाहेर पडलेल्या अगदीं पहिल्या विद्यार्थ्यांपैकीं ते एक. शिलालेख, नाणीं व जुन्या पोथ्या यांचा नाद असा कीं, आमच्यासारखा इतिहासाचा मनुष्य त्यांना डॉक्टर म्हणून आठवतच नाहीं. नाणेघाटांतील सातवाहनांच्या लेखांवर पुढें ज्यांनीं परिश्रम केले ते पंडित भगवानलाल इंद्रजी भाऊंच्याच हाताखालीं तयार झाले. तेव्हां जुन्नरच्या इतिहासावर भाऊंचें ऋण आहेच. पण त्या काळच्या मुंबईंत त्यांची कीर्ति होती ती महारोगावर औषध देणारे डॉक्टर म्हणून. त्यांच्या औषधाचा आधार कडूकवठीच्या बियांचें तेल हा होता, हें पुढें प्रसिद्ध झालें. कडूकवठीचीं झाडें कोंकणांत व सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर होतात. सुश्रुतानें कुष्ठावर 'तुवरक' नांवाच्या झाडाचें तेल सांगून, हीं झाडें पश्चिम समुद्राच्या कांठीं वाढतात असें लिहिलें आहे. तुवरक म्हणजे हेंच झाड, असें अभ्यासक मानतात. भाऊंसारख्या संस्कृतज्ञास तें स्थळ ठाऊक नसेल हें आम्हांस तरी संभवत नाहीं. त्यांनीं औषध आपल्या हयातींत उघड करून टाकलें असतें तर बरें झालें असतें, असें मात्र त्यांच्याविषयीं पूर्ण आदर बाळगूनही म्हणावेंसें वाटतें. १८७४ सालीं ते वारले. याच जातीच्या तेलास टोंचून देण्याजोगें रूप पुढें हवाई बेटांत ॲलिस बॉल या तरुण रसायनज्ञ बाईनें १९१५ च्या सुमारास दिलें, आणि दुसऱ्याच वर्षीं तीही अवघ्या चोविसाव्या वर्षीं वारली. तेलानें रोग समूळ जात नसे; तरी १९४० पर्यंत जगाच्या हातांत त्याहून बरें असें दुसरें कांहीं नव्हतें.

दुसरे हेन्री व्हॅनडाइक कार्टर. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या घरोघरीं असणाऱ्या ग्रे यांच्या शरीररचनाशास्त्राच्या ग्रंथांतील मूळ आकृत्या यांच्या हातच्या. तो ग्रंथ १८५८ सालीं निघाला. त्याच वर्षीं कार्टर मुंबईस आले. पुढें कित्येक वर्षें ते साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. ज्या हातानें निरोगी देहाच्या नसा इतक्या रेखीव काढल्या, त्याच हातानें त्यांनीं महारोग्यांच्या देहांतील सुजलेल्या नसा उकलून पाहिल्या. हा रोग वरवर कातडीचा दिसला तरी तो नसांस धरतो, आणि म्हणून चट्टा बधिर होतो, ही समजूत पक्की करण्यांत त्यांचा वांटा मोठा आहे. नॉर्वेंत जाऊन त्यांनीं हॅन्सेनचें काम पाहिलें. हॅन्सेननें १८७३ सालीं या रोगाचा जंतु शोधून काढला होता. कार्टर यांचा महारोगावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १८७४ सालीं, म्हणजे भाऊ गेले त्याच वर्षीं. अंगावरची खूण पाहून पापपुण्याचा निवाडा करण्याचा काळ शास्त्रापुरता तेथें संपला असें म्हणावयास हरकत नाहीं.

तिसरे ॲक्वर्थ. मराठी पोवाड्यांचा अभ्यास करणारास हें नांव नवें नाहीं. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह त्यांनीं १८९१ सालीं ऐतिहासिक पोवाड्यांचा जो संग्रह छापला, तो नसता तर कित्येक पोवाडे शाहिरांबरोबरच गेले असते. हेच गृहस्थ त्या वेळीं मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते, आणि रस्त्यावर भीक मागत फिरणाऱ्या महारोग्यांसाठीं माटुंग्यास त्यांनीं १८९० सालीं आश्रम उघडला. वडाळ्याचें ॲक्वर्थ रुग्णालय तें हेंच. निराश्रितांस छप्पर, अन्न व औषध मिळालें, हें खरें; पण शहरास त्यांचें दर्शन नको होतें, हेंही तितकेंच खरें. पाठोपाठ सरकारी मंडळानें १८९०-९१ त हिंदुस्थानभर चौकशी करून, हा रोग समजतात तितका संसर्गजन्य नाहीं असा अभिप्राय दिला. तरीसुद्धां १८९८ सालीं महारोग्यांचा कायदा झाला, आणि त्यानें व्रणयुक्त भिकारी रोग्यांस पकडून आश्रमांत ठेवण्याची मुभा दिली. ज्याच्या घरास माडी होती तो माडीवर लपूं शकत होता. कायदा त्याच्या दारीं गेला नाहीं.

दिवाणी कायद्याची कथा आणखी लांबली. रोगामुळें हिंदु माणसाचा वारसाहक्क जाऊं नये, हें १९२८ च्या कायद्यानें ठरलें. पण १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत जोडीदाराचा असाध्य कुष्ठरोग हें घटस्फोटाचें कारण म्हणून राहिलेंच, आणि तें काढून टाकावयास २०१९ साल उजाडावें लागलें. मधल्या काळांत रोग असाध्य राहिला नव्हता, ही यांतील मौज. अमेरिकेंतील कार्व्हिल येथें १९४१ सालीं सल्फोन जातीच्या औषधांचा गुण प्रथम दिसला. त्यांतूनच डॅप्सोनची गोळी आली. १९८१-८२ पासून दोन तीन औषधें एकत्र देण्याची पद्धत जगभर रूढ झाली. रोगाच्या प्रकाराप्रमाणें सहा किंवा बारा महिने गोळ्या घेतल्या म्हणजे जंतु मरतात, आणि औषध सुरू होतांच थोड्या दिवसांत रोगी दुसऱ्यास रोग देण्याजोगा राहत नाहीं. गोळ्या सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतात. बहुतेक माणसांच्या देहांत या जंतूस तोंड देण्याची शक्ति उपजतच असते, हेंही सांगितलें पाहिजे. २००५ च्या अखेरीस आपल्या देशांत दर दहा हजारांत एकाहून कमी रोगी उरले, म्हणून सरकारनें सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न या नात्यानें रोगाचें निर्मूलन झाल्याचें जाहीर केलें. जगांत दरसाल सांपडणाऱ्या नव्या रोग्यांपैकीं निम्म्याहून अधिक मात्र अजून भारतांतच सांपडतात. 'निर्मूलन' या शब्दानें लोकांचे डोळे जरा लवकरच मिटले, असें आमचें मत आहे. आळ्याच्या त्या ओसरीवर आमचेही मिटलेलेच होते.

पांढऱ्या डागांसाठीं मात्र कधीं कायदा करावा लागला नाहीं. तेथें कायद्यावांचूनच काम भागत आलें. आमच्या थोरल्या आत्याची गोष्ट घरांत फारशी बोलली जात नसे, म्हणून येथें थोडक्यांत सांगतों. बाराव्या वर्षीं तिच्या गुडघ्यावर पहिला डाग उठला. एका वैद्यबुवांनीं बावचीचा लेप दिला व उन्हांत बसावयास सांगितलें. फोड आले, ते चिघळले, व डागाच्या भोंवतीं काळी कड तेवढी कायमची राहिली. तिचें लग्न झालें नाहीं. हळदीकुंकवाच्या दिवशीं ती आपण होऊन माडीवर जात असे. तिच्या कपबशीची जागा फळीवर वेगळी होती, आणि आम्हां मुलांपैकीं कोणीं चुकून ती घेतली तर मोठी माणसें कांहीं न बोलतां ती विसळून परत जागेवर ठेवीत. आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षें जगली. तितक्या वर्षांत घरांतील एकाही माणसास तिच्यापासून डाग आला नाहीं. हा पुरावा रोज डोळ्यांसमोर असूनही कपबशीची जागा शेवटपर्यंत बदलली नाहीं.

बावचीस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. तिच्या बियांत खरोखरीच गुण आहे. त्यांतील मुख्य द्रव्य १९३३ सालीं हिंदी रसायनशास्त्रज्ञांनीं वेगळें काढलें, आणि त्यास सोरॅलेन म्हणतात. ईजिप्तांत नाईलकांठच्या एका रानवनस्पतींत तशींच द्रव्यें सांपडलीं, व तेथें १९४० नंतर पांढऱ्या डागांवर त्यांचे पद्धतशीर प्रयोग झाले. हें द्रव्य कातडीस उन्हाबद्दल अतिशय हळवें करतें; म्हणून औषध किती व ऊन किती याचा हिशेब चुकला कीं आत्यास झालें तें होतें. आतां त्वचारोगतज्ज्ञ मोजून दिलेल्या किरणांनीं व मलमांनीं उपचार करतात. कित्येकांचा रंग बऱ्याच अंशीं परत येतो, कांहींचा येत नाहीं. कोड हा जंतूंचा रोग नव्हे. शरीराची संरक्षक शक्ति स्वतःच्याच रंगपेशींवर उलटते, त्यामुळें त्या जागीं रंग उरत नाहीं. डाग दुधासारखा पांढराशुभ्र, त्याची कड स्पष्ट, कधीं त्यावरचे केंसही पांढरे. स्पर्श मात्र शाबूत. उलट कुष्ठाचा चट्टा फिकट किंवा तांबूस असतो, दुधासारखा पांढरा कधींच नसतो, त्यावरचे केंस झडतात, घाम येत नाहीं, आणि तो मुका असतो. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनीं २००६ सालीं 'नितळ' हा चित्रपट कोड असलेल्या एका शिकलेल्या मुलीवर काढला. सुशिक्षित कुटुंबांनीं तो वाखाणला, आणि घरीं आल्यावर मुलासाठीं पुन्हां 'गोरी, निर्दोष' वधू शोधूं लागलीं.

मुक्या चट्ट्याकडे जितकें दुर्लक्ष, तितकीच बोलक्या चट्ट्याची घाई. खाजणारा मनुष्य चारचौघांत लाजतो, म्हणून जें मिळेल तें लावतो. गजकर्ण हा बुरशीचा रोग. गोल पसरणारा, कडेला लालसर व उंच, मध्यें निवळत जाणारा, घामाच्या जागीं हटकून होणारा. टाकळ्याच्या बिया त्यावर आपल्याकडे पूर्वापार लावीत. संस्कृतांत त्या झाडास दद्रुघ्न असेंच नांव आहे. एकोणिसाव्या शतकांत मुंबईंत यावर एक पिवळसर भुकटी फार खपे. तिला 'गोवा पावडर' म्हणत. ती गुप्त औषध म्हणून विकली जाई, आणि तिचा गुण असा कीं मुंबईंतील औषधविक्रेते केंप यांनीं १८६४ सालीं तिची माहिती छापून विलायतेचें लक्ष तिकडे वेधलें. गोव्याचें हें अस्सल देशी औषध आहे अशीच सर्वांची समजूत होती. १८७५ सालीं उलगडा झाला कीं ती भुकटी ब्राझीलमधील एका झाडाच्या पोकळ खोडांतून निघते, व पोर्तुगीज व्यापाराबरोबर समुद्र ओलांडून गोव्यास येते. तिनें कपड्यांवर डाग पडत, डोळ्यांत गेली तर आग होई, पण गजकर्ण जाई. पहिल्या महायुद्धांत तिचा पुरवठा आटला तेव्हां जर्मनीत तिच्यासारखें कृत्रिम द्रव्य १९१६ सालीं तयार झालें, आणि तें सोरायसिसवर अनेक दशकें वापरांत राहिलें.

गोवा पावडरीची जागा आतां औषधाच्या दुकानांतील नळीनें घेतली आहे, आणि हा व्यवहार आम्हांस अधिक भीतिदायक वाटतो. आळ्याच्या त्याच घरांत कोनाड्यांत अशी एक अर्धी पिळलेली नळी होती. घरांतील चौघे, जांघेंत, कमरेस, जेथें खाजेल तेथें ती लावीत. अशा पुष्कळशा नळ्यांत बुरशीच्या औषधाबरोबर जहाल स्टेरॉइड मिसळलेलें असतें. त्यानें दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, आणि बुरशी खालच्या खालीं फोफावते. कातडी पातळ होते तें वेगळेंच. गेल्या दहा बारा वर्षांत देशभर हट्टी गजकर्णाची जी सांथ पसरली आहे, तिच्या मुळाशीं या नळ्या आहेत असें त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. नेहमींच्या औषधास दाद न देणाऱ्या या नव्या बुरशीस २०२० सालीं जें शास्त्रीय नांव मिळालें त्यांत 'इंडो' हें अक्षर आहे. गौरवाची बाब नव्हे. स्टेरॉइड मलमें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकूं नयेत असा नियम केंद्र सरकारनें २०१८ सालीं केला. दुकानदार चिठ्ठी मागतो काय, हें वाचकांनीं आपल्या अनुभवावरून ठरवावें. खरजेचीही हीच तऱ्हा. बोटांच्या बेचक्यांत, मनगटास, कमरेस, आणि रात्रीं अधिक खाज, तीही घरांतल्या दोघां तिघांस, असें असेल तर ती किड्याची खरूज. औषध सबंध घरानें एकाच दिवशीं लावावें लागतें. एकानें लावलें व बाकीचे लाजले, तर ती घरांत फिरत राहते.

गेल्या चैत्रांत आम्ही पुन्हां आळ्यास गेलों. गड्याच्या बारा महिन्यांच्या गोळ्या पुऱ्या होऊन बराच काळ झाला होता. चट्टा पुसट झाला होता, पण हाताची गेलेली संवेदना परत आली नव्हती. तितका उशीर होऊन गेलेला होता. करंगळी व तिच्या शेजारचें बोट थोडें आंत वळलेलें. भाजलेलें, कापलेलें त्यास स्वतःस कळत नाहीं, म्हणून रोज संध्याकाळीं त्याचे हात पाहून घेण्याचें काम त्या मुलीनें आपण होऊन पत्करलें आहे. आम्ही ओसरीवर बसलों असतां ती दिव्याजवळ त्याचा पंजा उलटा सुलटा करून पाहत होती. "विडीनं पुन्हा भाजलंय, काका. आता विडी सोडा नाही तर चिमट्यात धरा," असें म्हणून तिनें मलमपट्टी बांधली. तिच्या बोटांवरचे डाग पूर्वींहून वाढले होते. लग्नाविषयीं आम्हीं विचारलें नाहीं, व आजीनेंही सांगितलें नाहीं. मग मुलीनें हात धुतले आणि चहा आणला. आम्हीं तो घेतला. गड्यानेंही घेतला, त्यानें कप फडक्यांत धरला होता.